धुवट कशाला म्हणावे?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि त्या वडाच्या पारंब्या पुढे गावोगावी रुजल्या. आंबा पाडाला लागावा, विहिरींनी तळ गाठावा, आणि उन्हे कलल्यावर भाट्याच्या खाडीवरून वारा सुटला की मंडळींनी व्याख्यानाला जमावे, ही आम्हां रत्नागिरीकरांच्याही अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. व्याख्यानाला येताना माणूस ठेवणीतला कपडा घालतो. घरी दिवसभर बनियनवर वावरणारा गृहस्थही सभागृहाच्या दाराशी परीटघडीच्या सदऱ्यात दिसतो. या सदऱ्याकडेच आज आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधणार आहोत. अंगातला रोजचा कपडा किती वेळा वापरून धुवावा, हा तो प्रश्न.

विषय ऐकून काहींना हसू येईल. हा प्रश्न न्हाणीघरातला, त्याला इतिहास कसला, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की, लढाया आणि तहनामे यांचा इतिहास जितका खरा, तितकाच धुण्याच्या दगडाचाही खरा आहे. कपडा केव्हा धुवायचा हे आपल्या समाजात मळावरून क्वचितच ठरले. कधी ते स्पर्शावरून ठरले, कधी दुसऱ्याच्या नजरेवरून, आणि फार उशिरा शरीराच्या आरोग्यावरून. या तीन मापांची उलथापालथ हाच आजच्या कथेचा धागा आहे. आणि ज्याचे हात धुतात व ज्याचे पाणी खर्ची पडते, त्याचा हिशेब प्रत्येक मापात कोठे राहिला, हे पाहणे हा आमचा हेतू आहे.

प्रथम जुन्या ग्रंथांकडे वळू. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात कारागिरांचे नियम आहेत, त्यांत रजकाचेही आहेत. त्याने कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावर धुवावेत. खडबडीत जागी धुऊन वस्त्र बिघडले तर भरपाई आणि वर सहा पण दंड. गिऱ्हाइकाचा कपडा त्याने स्वतः अंगात घालू नये, विकू नये, भाड्याने देऊ नये, गहाण ठेवू नये. मुद्गराची खूण असलेला स्वतःचा कपडा सोडून दुसरा घातला तर तीन पण दंड, आणि दुसऱ्याचा कपडा विकला किंवा गहाण टाकला तर बारा पण. परत करण्याच्या मुदतीही बांधून दिल्या आहेत: साधे पांढरे वस्त्र एका रात्रीत, फिकट रंगाचे पाच रात्रींत, निळे सहा रात्रींत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही सांवरीच्या गुळगुळीत फळीवर हळुवार धुवावे, एकाचे कपडे दुसऱ्याच्या कपड्यांत मिसळू नयेत, असा दंडक आहे. एकूण काय, परटाने कपडा बदलून आणला ही तक्रार दोन हजार वर्षांची आहे! राज्यशास्त्रज्ञाने कपडा कसा व किती दिवसांत धुवावा ते सांगितले. वापरणाऱ्याने तो केव्हा धुवायला टाकावा, हे मात्र त्याच्या त्याच्यावर सोडले.

धुण्याची द्रव्येही जुनी आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशीम व लोकर खाऱ्या मातीने, नेपाळी कांबळी रिठ्याने, तर क्षौम वस्त्रे पांढऱ्या मोहरीने शुद्ध करावीत असे सांगितले आहे. यांतला रिठा आपल्या घरांत कालपरवापर्यंत नांदत होता. रिठ्यात फेस आणणारे जे द्रव्य असते ते मळ सोडविते, आणि रेशमाला साबणाइतके झोंबत नाही. चुलीतली राख हा दुसरा साधन-संभार. राखेतला क्षार तेलकटपणा तोडतो. पैठणीला रिठा आणि पोतेऱ्याला राख, हे आमच्या आज्यांनी रसायनशास्त्र न शिकता ठरविले होते.

आता पहिल्या मापाकडे, म्हणजे स्पर्शाकडे येऊ. आमच्या लहानपणी माजघरात उंचावर सोवळ्याची वलणी टांगलेली असे. तिच्यावर धुतलेले वस्त्र काठीने टाकायचे आणि काठीनेच काढायचे. वाटेत कोणाचा हात लागला की ते ओवळे. सुती वस्त्राचा नियम कडक. आज धुतलेले, आज वाळलेले, आणि कोणी न शिवलेले तेवढेच सोवळे. कालचे वस्त्र पारोसे, मग ते कितीही स्वच्छ दिसो. उलट मुकटा आणि धाबळी यांना रोजचे धुणे नाही. रेशीम आणि लोकर जात्याच शुद्ध मानलेली. त्यामुळे ज्या मुकट्यात उन्हाळ्याच्या दुपारी घामाच्या धारा निथळत पंगती जेवल्या, तो मुकटा महिनोन्‌महिने पाण्याचे तोंड पाहत नसे.

येथे आम्हांस सोवळ्याची थट्टा करावयाची नाही. रोज स्नान आणि रोज धुतलेले सुती वस्त्र हा नेम आपल्या दमट हवेत प्रकृतीला हितकारकच होता. शिवाय रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. श्रावणात सुती पंचा दोन दिवस वाळत नाही. तेव्हा ओलेत्याने पूजा करून सर्दी ओढवून घेण्यापेक्षा धाबळी गुंडाळावी, ही सवलत ज्याने शोधली त्याला कोकणचा पाऊस चांगलाच ठाऊक असला पाहिजे. परंतु हे माप मळाचे नव्हते, एवढे मात्र खरे. कपडा घामाने विटाळत नसे, माणसाने विटाळत असे. आणि कोणत्या माणसाने, याचा तक्ता समाजाने आधीच करून ठेवला होता.

या तक्त्यात परटाची जागा मोठी विलक्षण. देशावरच्या गावगाड्यात तो बारा बलुतेदारांपैकी एक. मोल्सवर्थच्या कोशात दिलेल्या यादीत तो मधल्या काशीत, कुंभार, चांभार आणि न्हावी यांच्या पंक्तीला बसतो. कोकणात बलुत्याची घडी देशाइतकी घट्ट नव्हती, तरी परटावाचून गावाचे अडत असे. ज्याच्या हाताने गावाचा मळ जायचा, त्याच्या हातचा कपडा सोवळ्याला मात्र चालत नसे. तो पुन्हा घरी पाण्यातून काढावा लागे. मळ काढणारालाच मळका ठरविण्याची ही आपली रीत. याच परीट समाजात १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. गाडगे महाराज म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवीपर्यंत त्यांनी अंगावर चिंध्यांचे वस्त्र बाळगले, आणि ज्या गावी कीर्तन त्या गावचा रस्ता आधी खराट्याने झाडला. परटाच्या मुलाने परीटघडी नाकारावी आणि स्वच्छता मात्र गावोगाव नेऊन पोहोचवावी, यातला बोध समजावून सांगण्याची गरज नाही.

परीटघडी हा शब्द आला, म्हणजे आपण दुसऱ्या मापाशी, नजरेच्या मापाशी येऊन ठेपलो. इंग्रजी अमलात कचेरी आली, शाळा आली, कोर्ट आले, आणि त्यांबरोबर पांढरपेशा वर्ग आला. या वर्गाच्या नावातच पांढरा रंग आहे. त्याचे धोतर, सदरा, उपरणे आणि कोट परटाकडे जाऊ लागले. परटाने भट्टी लावावी, नीळ द्यावी, खळ द्यावी, इस्त्री फिरवावी, आणि आठवड्याने गठ्ठा घेऊन दारात उभे राहावे. इस्त्री हा शब्द पोर्तुगीजांकडून आल्याचे भाषापंडित सांगतात. साबण या शब्दाचेही अरबी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांशी नाते आहे. गोवा आपल्या शेजारी, तेव्हा हे शब्द आपल्या दारावरूनच गेले असतील. परटाची खूण मात्र अस्सल देशी. बिब्ब्याच्या काळ्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यात घातलेली ती रेघ-ठिपक्यांची खूण किती धुतली तरी जात नसे. कौटिल्याने सांगितलेली सरमिसळीची भीती बिब्ब्याने दूर केली.

नीळ ही नजरेच्या मापाची मोठी साक्षीदार आहे. पांढरा कपडा जुना झाला की पिवळसर पडतो. निळीचा हलका हात फिरविला की पिवळेपणा झाकतो आणि डोळ्याला तो शुभ्र दिसतो. मळ त्याने तिळमात्र कमी होत नाही. आजच्या धुण्याच्या पुड्यांत जी चमक आणणारी द्रव्ये घालतात, त्यांचेही कार्य तेच. उन्हातला अदृश्य किरण घेऊन ती निळसर उजेड परत टाकतात. कपडा धुवट आहे की नाही हे ठरविण्याचे काम आपण डोळ्याकडे सोपविले, आणि डोळा फसवून घ्यायला नेहमीच तयार असतो.

या मापाची एक हृद्य गोष्ट आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ साली गुहागरजवळच्या कोतळूक गावी झाला. रानडे हे त्यांचे गुरू. रानड्यांनी दिलेले एक उपरणे गोखले जिवापाड जपत आणि विशेष प्रसंगीच वापरीत. १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले असता जोहान्सबर्ग येथे त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. उपरणे चुरगळलेले, आणि धोब्याकडे पाठवून आणण्याइतका वेळ नाही. गांधीजींनी इस्त्री करण्याची तयारी दाखविली. वकील म्हणून तुमच्यावर भरवसा आहे, परंतु परीट म्हणून नाही, अशा आशयाचे उत्तर गोखल्यांनी दिले; उपरण्याला डाग पडला तर काय, या चिंतेने ते कासावीस झाले होते. अखेर गांधीजींनी इस्त्री केली आणि ती गोखल्यांच्या पसंतीस उतरली. हा प्रसंग गांधीजींनी आपल्या आत्मकथेत लिहून ठेवला आहे.

त्याच प्रकरणात आपल्या प्रश्नाचे उत्तरही आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना कॉलर रोज बदलावी लागे, आणि सदरा रोज नाही तरी एक दिवसाआड. धोब्याचे बिल जड, त्याची वेळ बेभरवशाची. दोन-तीन डझन सदरे आणि कॉलरी असूनही पुरेनात. मग गांधीजींनी धुण्याचे साहित्य आणले, त्या विषयावरचे पुस्तक वाचले, स्वतः शिकले आणि कस्तुरबांनाही शिकविले. पहिल्या कॉलरला खळ जास्त झाली, इस्त्री भीतभीत फिरविली, आणि कोर्टात कॉलरमधून खळ गळू लागली तेव्हा वकीलमंडळी हसली. पण खर्च आणि परावलंबन दोन्ही गेले. कॉलर रोज का बदलायची? मळली म्हणून नव्हे, समोरचा पाहतो म्हणून. हे माप पाळण्याची किंमत स्वतःच्या हातांनी मोजल्यावरच गांधीजींना ती कळली. आपल्याकडे ती किंमत बहुधा दुसऱ्याचे हात मोजीत. पुरुषांचे बाहेर जायचे कपडे परटाकडे. बाकीचे सारे, म्हणजे नऊवार लुगडी, पंचे, मुलांची अंगडी, अंथरुणे, वाकळी, हे घरच्या बायकांकडे. ओले नऊवार लुगडे पिळून पाहावे, म्हणजे रोज धुतलेच पाहिजे हा दंडक कोणाच्या मनगटांवर उभा होता ते उमजेल. विहिरी आटल्या की हेच गाठोडे डोक्यावर घेऊन पऱ्ह्यावर जायचे, आणि त्याहून जड होऊन परत आणायचे.

विहिरीवर आणि पऱ्ह्यावर ज्यांना जाता येत होते त्यांची ही कथा. ज्यांना जाताच येत नव्हते, त्यांची कथा निराळी आहे, आणि ती सांगितल्यावाचून धुण्याचा इतिहास पुरा होणार नाही. अस्पृश्य मानलेल्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर बंदी होती, आणि गावचा परीट त्यांचे कपडे घेत नसे. पाणी द्यायचे नाही, धुऊनही द्यायचे नाही, आणि मग हे लोक अस्वच्छ राहतात म्हणून नाक मुरडायचे! ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळ्यापुरता तसा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे मूळ घराणे आपल्या मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे, त्यांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळे बाटले असे मानून पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून त्याची शुद्धी केली. माणसाच्या ओंजळीने पाणी विटाळते आणि शेणामुताने ते शुद्ध होते, हे स्पर्शाच्या मापाचे टोक होय. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. वस्त्र हळुवार धुण्याचा नियम सांगणारा आणि माणसांची उतरंड सांगणारा ग्रंथ एकच होता, हे आम्ही विसरू नये. याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांपुढे लुगडे नेसण्याची पद्धत आणि स्वच्छता यांवर आवर्जून भाषण केले. ज्यांना पाण्यापासून दूर ठेवले त्यांनी धुवट नीटनेटके नेसणे, हा तेव्हा केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हता. तो हक्काचा उच्चार होता. तळ्याचा खटला उच्च न्यायालयात १९३७ साली त्यांच्या बाजूने लागला. पुढे १९५५ च्या कायद्याने पाणवठ्यावर आणि घाटावर मज्जाव करणे, तसेच अस्पृश्यतेच्या कारणाने सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला.

तिसरे माप शरीराचे. ते ठरले प्रयोगशाळेत आणि इस्पितळाच्या दारात. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा तपासणी पथके घरांतले कपडे आणि अंथरुणे औषधी पाण्यात बुडवीत किंवा जाळून टाकीत. लोकांना ते जुलमी वाटले, आणि पद्धत जुलमी होतीही. रोग नेमका कशातून येतो हे तेव्हा कोणालाच उमगलेले नव्हते. उंदरावरील पिसवेचा धागा १८९८ साली पॉल सिमाँ यांनी दाखविला. पुढे १९०९ साली ट्यूनिस येथे शार्ल निकोल यांनी एक निरीक्षण केले. टायफस तापाचा रोगी इस्पितळाच्या दारापर्यंत इतरांना रोग देई; त्याचे कपडे हाताळणाऱ्यांना आणि धुणाऱ्यांनाही तो होई. परंतु आंघोळ घालून, कपडे बदलून वॉर्डात नेलेला रोगी कोणाला बाधत नसे. कारण रोगाचे वाहन होते कपड्यातली ऊ. या शोधाबद्दल त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कपडा धुण्याने जीव वाचतो, याला आता शास्त्राचा आधार मिळाला. येथे सोवळ्याचा किंवा शुभ्रतेचा संबंध नव्हता. अंगाला काय चिकटून आहे, एवढाच प्रश्न होता.

एवढ्यात साबण स्वस्त झाला. १८८८ साली विलायती सनलाइटच्या पेट्या कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरल्या. चरबीच्या शंकेने सोवळ्यातली घरे साबणापासून दूर राहिली, तेव्हा वनस्पती तेलाचा देशी साबण पुढे आला आणि ती अडचण हळूहळू मिटली. १९५९ साली सर्फची पूड आली, १९६९ साली अहमदाबादेहून निरमा निघाली. आमच्या किनारपट्टीला या पुडीचे अगत्य विशेष. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ, त्यात साबणाचा फेस होत नाही, उलट चोथा जमतो. पुडीला मचूळ पाणी चालते. पाठोपाठ टेरिलीन आले, जे पावसातही लवकर वाळते. नंतर यंत्र आले, आणि मनगटे सुटली. हे सारे झाले ते चांगलेच झाले. मात्र हातांचा हिशेब सुटल्यावर कपडा खुंटीला जाईनासा झाला. तासभर घातलेला सदराही थेट यंत्रात पडू लागला. धुण्याने सुताचे आयुष्य झिजते, कृत्रिम धाग्याचे सूक्ष्म तुकडे सांडपाण्याबरोबर खाडीला जातात, आणि वैशाखात शीळच्या धरणाकडे डोळे लावून बसायची वेळ येते ती वेगळीच.

मग कपडा केव्हा धुवावा? इतिहासाने शिकविलेले एवढे सांगून थांबतो. जो कपडा घामाच्या अंगाला थेट चिकटतो, म्हणजे बनियन, आतले कपडे, मोजे, पंचा, तो आपल्या हवेत एका वापरानंतर धुवावा. यात आळस नको. सदरा किंवा साडीचे पोलके उन्हाळ्यात रोजचेच. वरची विजार, साडी, कोट यांना वारा द्यावा, वास घ्यावा, डाग पाहावा, आणि दोन-चार वापरांनी धुवावे. लोकर क्वचित. रातांब्याचा डाग किंवा फणसाचा चीक लागलेला कामाचा कपडा वेगळा ठेवावा, त्याला शुभ्र करण्याच्या मागे लागू नये. पावसाळ्यात धुण्याइतकेच वाळविण्याला महत्त्व द्यावे. अर्धवट ओला कपडा अंगात घालणे हे गजकर्णाला आमंत्रण होय. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत औषधाला दाद न देणारे हट्टी गजकर्ण देशभर पसरले आहे, हे त्वचारोगाचे डॉक्टर सांगत आहेत. घरात एकाला झाले असेल तर त्याचा पंचा आणि कपडे वेगळे धुवावेत, कडक उन्हात वाळवावेत, ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. हे वेगळे ठेवणे रोगापुरते. त्याला सोवळ्याचे रूप येऊ देऊ नये.

बालदीत कपडा टाकण्यापूर्वी तो अंगाला काय करील हे पाहावे. शेजारी काय म्हणेल हे पाहून धुतले तर पाणी वाया जाईल, आणि कोण शिवले हे पाहून धुतले तर माणुसकी वाया जाईल. आणि जो कोणी धुतो, आई असो, पत्नी असो, परीट असो, त्याची मनगटे एकदा तरी आठवावीत. निदान आठवड्यातून एक दिवस ते काम स्वतः करून पाहावे. रानड्यांचे उपरणे हाती घेताना गांधीजींच्या मनावर जेवढी जबाबदारी होती, तेवढी आपल्या साध्या पंचाबाबत आपण बाळगली, तरी या व्याख्यानाचे श्रम कारणी लागले असे आम्ही समजू. इतके बोलून आपली रजा घेतो.